सातव्या प्रकरणातल्या खुणा

"वाट सोडा!" असं ओरडतच ती जिना चढत होती. वरून उतरणाऱ्या माणसाच्या हातातलं खोकं तिच्या खांद्यावर धाडकन आदळलं आणि त्यातली दोन वाचनयंत्रं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली.

"दिसत नाही का हो तुम्हाला?"

"नाही," तो माणूस शांतपणे म्हणाला. "ऐकू मात्र छान येतं. तुमच्या चपला नव्या आहेत, आणि तुम्ही... बऱ्याच चिडलेल्या आहात."

तेव्हा कुठे तिला त्याच्या काखेतली पांढरी काठी दिसली. ती ओशाळली, पण जेमतेम अर्धा मिनिट. यंत्रं गोळा करून तिने ती खोक्यात टाकली.

"माफ करा. पण मला त्या तपासनिसाला गाठायचंय. कान फुटलेत मेल्याचे!"

"कान शाबूत आहेत," तो म्हणाला. "तपासनीस मीच."

हे ग्रंथालय ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी होतं. हौशी माणसं इथे येऊन पुस्तकं मोठ्याने वाचत, ते वाचन कार्डावर भरलं जाई आणि सभासद ते तळहाताएवढ्या वाचनयंत्रावर ऐकत. ती दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि संध्याकाळी इथे येऊन वाचायची. कचेरीत तिला ठिणगी म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

वाचलेलं प्रत्येक पुस्तक आधी तपासनिसाच्या यंत्रावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजावं लागे, मगच ते सभासदांकडे जाई. ठिणगीची कादंबरी तीनदा परत आली होती आणि तिन्ही वेळा चिठ्ठी तीच: 'सातव्या प्रकरणात यंत्र बंद पडते. पुन्हा वाचावे.' तीनदा तिने सातवं प्रकरण पुन्हा वाचलं होतं. घसा बसला होता. आणि आज ग्रंथपालबाईंनी फोन करून सांगितलं होतं, सहापर्यंत पुस्तक पास झालं नाही तर ते दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ, आणि तुमचं नाव यादीतून काढावं लागेल.

तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीची नजर गेल्या वर्षी गेली होती. "पहिली प्रत तुझी," असं तिने मावशीला कबूल केलं होतं. मावशी रोज विचारायची, "झालं का गं?" आता तिच्या कानाशी कुण्या परक्याच आवाजात ती कादंबरी वाजणार होती. रागाला कारण थोडं होतं का?

त्याच्या खोलीत टेबलावर यंत्रांची रांग होती. त्याने तिच्या कादंबरीचं कार्ड आपल्या यंत्रात घातलं आणि सातवं प्रकरण लावलं. तिचा आवाज खोलीत पसरला. पाच मिनिटं... सहा... आणि मध्येच शांतता. "पुस्तक वाचता येत नाही," असं सपाट आवाजात म्हणून यंत्राने मान टाकली.

"बघितलंत?" तो म्हणाला.

"ऐकलं! आता सरका. नळाला पाणी आलं नाही म्हणून मी आधी तलावाला दोष देत नाही. आधी घरची तोटी बघायला सांगते."

तिने तेच कार्ड शेजारच्या यंत्रात घातलं. सातवं प्रकरण विनातक्रार पुढे गेलं. मग दुसऱ्याच कुणाचं पुस्तक त्याच्या यंत्रात घातलं. तेही सुरळीत चाललं.

"म्हणजे माझं पुस्तक धड, तुमचं यंत्र धड, आणि दोघं एकत्र आले की बोंब!"

"असतात काही जोड्या अशा..."

"हसू नका!"

तो हसू दाबू लागला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे तिला नको असताना दिसलं. त्यामुळे ती आणखीच भडकली.

भिंतीवर सभासदांसाठीचा सूचनांचा कागद चिकटवलेला होता. तिने तो मोठ्याने वाचला. "यंत्र बंद पडल्यास. पायरी पहिली. पुन्हा ऐकायच्या जागी बटण दाबून केलेल्या जुन्या खुणा पुसून टाकाव्यात. एकाच पुस्तकाच्या खुणा यंत्रात फार साठल्यास यंत्र बंद पडते." ती वळली. "कुणी लिहिलंय हे?"

"मी सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. फोनवर दिवसातून दहा वेळा हेच सांगतो."

"पहिली पायरी केलीत?"

तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. "मी... दुसरीपासून सुरुवात केली."

तिने यंत्र हिसकावून खुणांचं बटण दाबलं. "खुणा, पाचशे," यंत्र म्हणालं.

"पाचशे चुका काढल्यात माझ्या?"

तिने पहिली खूण वाजवली. तिचंच वाक्य होतं, आणि त्याआधी ओठांत दाबलेलं हसू. दुसरी खूण, पान उलटल्याचा आवाज आणि अस्पष्टसं 'हं...'. तिसऱ्या खुणेला नायिकेचं गाव सुटत होतं आणि वाचणारीचा आवाज कापला होता. चौथ्या खुणेला तर ती नुसती पाणी प्यायली होती.

"यात चूक कुठेय?"

"चुका चारच होत्या. त्या केव्हाच कळवल्या." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "बाकीच्या ठिकाणी... मला परत यायचं होतं."

एखादी विरघळली असती. ही नाही विरघळली.

"तीन वेळा! तीन वेळा घसा फोडला मी, आणि तुम्ही परत येत बसलात?"

"खुणांमुळे होत असेल असं खरंच मनात आलं नाही. आलं असतं तर..."

"तर पुसल्या असत्या?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "हो. पण दोन दिवस उशिरा."

सहाला वीस मिनिटं उरली होती. त्याने हात पुढे केला, तिने यंत्र दिलं. "सगळ्या खुणा पुसू?" यंत्राने विचारलं. त्याचा अंगठा बटणावर क्षणभर थांबला... आणि त्याने दाबलं. एक तरी ठेवायची होती, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

सातवं प्रकरण सुरू झालं आणि संपलं. यंत्र बंद पडलं नाही. दोघं शेजारी बसून ऐकत होती, आणि तिला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकताना लाज वाटली.

तो सरळ ग्रंथपालबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "पुस्तकात काही दोष नाही. पहिली पायरी मी गाळली. जाणूनबुजून."

"का?"

"खुणा पुसवत नव्हत्या. यांचा आवाज मला फार आवडतो, बाई."

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुस्तकाच्या पावतीवर शिक्का मारला.

कार्ड मुठीत धरून ती जिन्यापाशी आली. मागून काठीची टकटक आली.

"पुढच्या पुस्तकात एकही खूण करायची नाही," ती म्हणाली.

"मग परत यायचं कुठे?"

"मावशीकडे. आत्ता! उशीर कुणामुळे झाला ते तिला तुम्हीच सांगायचं, माझ्यासमोर."

"चिडतील?"

"मी चिडायला तिच्याकडूनच शिकलेय."

"आणि तुमचा राग... गेला?"

"मुळीच नाही! हात द्या, पुढे पायऱ्या आहेत."

"या जिन्याच्या पायऱ्या मला पाठ आहेत."

"माहितीये मला," ती खेकसली. "तरी द्या."