दुसऱ्या रिमोटची पिन

खरं-खोटं करत बसणार असाल तर इथूनच मागे फिरा. पुरावे मागू नका, माझ्याकडे नाहीत. तेजस माझा सख्खा चुलत भाऊ आहे आणि यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. एवढं पुरत असेल तर वाचा.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवार. धायरीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट.

आणि वेळ रात्रीची नव्हे बरं का... भर दुपारी अडीचची.

अख्खं पुणं जेवून आडवं झालेलं असतं ना, ती वेळ.

तेजसची बायको रुपाली माहेरी गेली होती. त्याची आई, म्हणजे माझ्या विमलाकाकू, आतल्या खोलीत झोपल्या होत्या. आठ वर्षांची लेक अपेक्षा गादीवर लोळत "बाबा, बोअर होतंय" असा जप करत होती. आणि आमचे बंधुराज फरशीवर फतकल मारून वायरींशी झटापट करत होते.

विश्रांतवाडीचं त्यांचं जुनं दोन खोल्यांचं घर कितीतरी वर्षं बंद आहे. तिथल्या माळ्यावर त्याला लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला होता. वर कॅसेट खोचायची, दोन रिमोट, एक पिवळी आणि एक पांढरी वायर. त्या वेळच्या पोरांना आठवेल.

पण नव्या टीव्हीला त्या वायरी लावायला जागा असते कुठे? मागे नुसती एचडीएमआयची चपटी खाच. म्हणून शनिवारी तो तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन कन्व्हर्टर घेऊन आला. काड्यापेटीएवढी काळी डबी. एका बाजूला जुन्या वायरी घालायच्या, दुसरी बाजू टीव्हीला. डबीला चार्जर लावून वेगळी वीज द्यायची.

दुकानदार म्हणाला होता, "एवढ्या जुन्या गेमला चालेल का, ते मला विचारू नका. नाही चाललं तर परत मात्र घेत नाही."

तेजसने सगळं जोडलं. निळा पडदा. 'नो सिग्नल'.

वायरींची अदलाबदल केली. 'नो सिग्नल'.

मग त्याने कॅसेट उपसून काढली आणि तळाशी जोरात फुंकर मारली. आपण सगळेच मारायचो. परत खोचणार, तेवढ्यात...

पडद्यावर गेम सुरू झाला.

कॅसेट त्याच्या हातात होती.

"आत काहीतरी साठून राहिलं असेल," तो स्वतःशी म्हणाला. इंजिनिअर ना! यांना कुठल्याही गोष्टीचं कारण दोन सेकंदांत सापडतं.

पडद्यावर विचारणा आली. एक खेळाडू की दोन? त्याने बटणाला हात लावायच्या आत बाण खाली सरकला... दोन.

"मला पण!" अपेक्षा उठून बसली.

एक नंबरचा रिमोट त्याने घेतला. दोन नंबरचा तिच्या हातात दिला. आणि त्या रिमोटची पिन... पिन त्याने खोचलीच नाही. गेमच्या मागे हळूच सरकवून दिली.

हाताला सवय होती हो!

आता ही सवय कसली, ते सांगते. तेजसला धाकटी बहीण होती. भाग्यश्री. तिला खेळायचं असायचं आणि ह्याला तिची लुडबुड नको असायची. म्हणून हा तिला बिनजोडणीचा रिमोट द्यायचा. बिचारी बटणं दाबत राहायची आणि पडद्यावर काहीही हललं तरी "दादा, बघ, मी!" म्हणून टाळ्या पिटायची. दोन वर्षं चाललं हे. घरोघरी चालायचं म्हणा, त्यात काय.

पण सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात एका दुपारी विश्रांतवाडीच्या त्या घरी सोसायटीतली दोन पोरं खेळायला आली. त्यांच्यासमोर ह्याने ती सुटी पिन नाचवून दाखवली. "बघा रे, ही येडी दोन वर्षं हवेत खेळतेय!" पोरं पोट धरधरून हसली.

भाग्यश्री आठ वर्षांची होती. ती उठली आणि तशीच धावत सुटली. जिना उतरून थेट आळंदी रोडवर.

पाण्याचा टँकर आला.

काकूंनी झोपायला जाताना तिला सांगितलं होतं, "उठलीस की कोपऱ्यावरून दही आण." झालं. सगळ्यांनी तेच धरलं. पोर दह्याला गेली आणि गेली. ती दोन पोरं घाबरून गप्प बसली. तेजसही मूग गिळून बसला.

काकूंनी त्या दिवसापासून दह्याला बोट लावलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्या एकच विचारायच्या, "दह्याला गेली तर चप्पल का नाही घातली गं तिने?"

आणि हा शेजारी बसून जेवत असायचा.

असो. मला राग येतो, म्हणून थांबले.

तर गेम सुरू झाला. लाल बाहुला तेजसचा. हिरवा दुसऱ्याचा.

हिरवा चालायला लागला.

पूल ओलांडला. खड्डा चुकवला. झोकात.

"वा गं अपू! कसं काय येतं तुला?" तो म्हणाला. आणि मग त्याला पिन आठवली. गेमच्या मागे, जिथे सरकवली तिथेच पडली होती.

"बाबा, मी नाही काही करत," अपेक्षा म्हणाली. तिचे दोन्ही हात वेफर्सच्या पुडीत होते. रिमोट बाजूला गादीवर होता.

टक.

टक... टक टक.

रिमोटची बटणं आपोआप खाली जात होती.

हिरव्या बाहुल्याने लाल बाहुल्याला खड्ड्यात ढकललं. लाल परत आला. परत ढकललं. तिसऱ्यांदाही. तेजस बटणं दाबत होता, पण त्याचा बाहुला काही केल्या जागचा हलत नव्हता.

त्याने टीव्ही बंद केला. चित्र जाईना.

भिंतीवरचं मेन बटण पाडलं. पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. घरात इतकी शांतता झाली की काकूंचा श्वास ऐकू यायला लागला...

चित्र तसंच होतं.

मग त्याचं लक्ष कन्व्हर्टरकडे गेलं. डबीच्या चार्जरची वायर फरशीवर गुंडाळी करून पडली होती. तिचा रबरबँडही अजून काढलेला नव्हता. म्हणजे डबीला वीज कधी मिळालीच नव्हती.



आणि मागून आवाज आला.

"दादा..."

त्या घरात त्याला दादा म्हणणारं कुणी नाही.

"दादा, माझी पिन लाव ना."

अपेक्षा उभी होती. तोंड तिचंच. डोळे मात्र त्याच्याकडे अशा रागाने बघत होते, जसं त्या पोरीने जन्मात कुणाकडे बघितलं नव्हतं.

ती वळली आणि दाराकडे चालायला लागली. अनवाणी.

कडी आपली आपण सरकली.

मे महिन्यात धायरीत दिवसभर टँकर चालू असतात. खालच्या रस्त्यावर एकाचा हॉर्न वाजला... लांबलचक.

तेजसने धावत जाऊन तिचा हात धरला. माठातून काढल्यासारखा गार! नव्वद किलोचा बाप्या तो, पण पोर त्याला फरशीवरून फरफटत ओढत निघाली.

"आईला सांगतोस की जाऊ?"

आवाजाने काकू बाहेर आल्या. "काय रे हा धिंगाणा? अपू, उन्हाची कुठे निघालीस?"

"आई..." तेजसची दातखीळ बसली. पापच धुवून निघालं असतं त्याचं सगळं, पण आईच्या नजरेतून उतरायची भीती त्या क्षणीही मोठी होती. काय म्हणावं अशा माणसाला?

पोर पहिली पायरी उतरली.

"सांगतोस की जाऊ?"

दुसरी पायरी. हात त्याच्या मुठीतून निसटला.

"आई, भाग्यश्री दह्याला गेली नव्हती!" तो किंचाळला. "माझ्यामुळे गेली! मी हसलो तिला, सगळ्यांसमोर हसलो... मी कधी सांगितलं नाही, आई!"

पिन, ती पोरं, ते हसणं, सगळं ओकला तो. तिथेच दारात, गुडघ्यांवर बसून.

पोर तिसऱ्या पायरीवर थांबली. डोळे चोळले. "आजी, मी जिन्यात काय करतेय?"

हॉलमधला पडदा काळा झाला.

काकूंनी अपेक्षाच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणून अनवाणी गेली."

तेजसने त्यांचे पाय धरले. त्यांनी ते सोडवून घेतले.

"अठ्ठावीस वर्षं माझ्या हातचं जेवलास रे."

त्यानंतर त्या त्याच्याशी एक अक्षर बोललेल्या नाहीत.

आठवड्याभरात त्यांनी विश्रांतवाडीचं घर उघडायला लावलं. कपडे, पोथी, औषधं, आणि तो गेम. एवढंच घेऊन गेल्या. एकट्याच राहतात. रुपालीशी बोलतात, माझ्याशी बोलतात, अपेक्षाला खाऊ पाठवतात. तेजसचा फोन घेत नाहीत. तो दर रविवारी जातो, बेल वाजवतो आणि परत येतो.

गणपतीच्या आधी मला त्याची दया आली. म्हटलं, चल, मी येते बरोबर, माझ्यासाठी तरी दार उघडतील.

दुपारचे तीन वाजले होते. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज येत होता. मी त्यांना असं हसताना लहानपणी ऐकलं असेल, त्यानंतर नाही.

तेजसने बेल वाजवली.

हसणं थांबलं.

पावलं आली... धावत. छोटी. दारापर्यंत येऊन थांबली.

"कोण आहे?"

लहान मुलीचा आवाज. अपेक्षा त्या वेळी धायरीत रुपालीजवळ होती, मी नंतर फोन करून विचारलं.

तेजस दाराला तोंड लावून म्हणाला, "मी... दादा."



मग काकूंनी खोलीतून विचारलं, अगदी रोजच्यासारखं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, आई."

आणि पावलं परत आत गेली.

तेजसला मी कसंबसं जिना उतरवून खाली आणलं. तो अजूनही दर रविवारी जातो. मी नाही जात. काकू सत्तरीच्या पुढे आहेत, औषधं चालू आहेत. उद्या आत त्यांना काही झालं आणि आपण बेल वाजवली, तर दाराशी कोण येईल आणि काय सांगेल, हा विचार काही केल्या माझी पाठ सोडत नाही.