उशाशी ओलं फडकं

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली, उजवीकडचं तिसरं घर. आपल्याच पेपरचा फोटोग्राफर तापलेल्या मुलीचं औषध आणायला बाहेर पडला. सहा वर्षं झाली. त्यानं स्वतः मला सांगितलंय, तेव्हा रात्रपाळीच्या शहाण्यांनो, हसू नका.

त्या घरात आजीचा एक नियम होता. झोपताना प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि त्यात बुडवलेलं फडकं. तिचा नवरा त्याच कारखान्यात, अमोनियाच्या गळतीत गुदमरून गेलेला. नाकातोंडावर ओलं फडकं असतं तर दारापर्यंत पोचला असता, असं ती म्हणे. चाळीस वर्षं घरानं हे पाळलं. नातसून आली, तीही निमूट पाळायला लागली. आजी गेली आणि दोन महिन्यांत तांबे माळ्यावर गेले. फोटोग्राफरचा धाकटा भाऊ म्हणाला, "चला, म्हातारीच्या पाणीपुरवठ्यातून सुटलो."

फोटोग्राफर वीस मिनिटांत परतला. गल्लीच्या तोंडाशीच डोळे चुरचुरले. पांढरं धुकं, गुडघ्यापर्यंत. कुत्रीसुद्धा गप्प.

कारखान्याचा गळतीचा भोंगा? वाजलाच नाही. रहिवाशांची झोपमोड नको म्हणून बंद ठेवला होता, असं मालकानं चौकशीत लेखी दिलंय. आणि अधिकाऱ्यानं ते वाचून खाली सही ठोकलीय. गल्लीतली सात माणसं गेली. झोपमोड न होता.

फोटोग्राफरनं शर्ट नाकाशी धरला. धावला. जिना चढला.

बायको पलंगावर बसलेली. मांडीवर मुलगी. दोघींच्या तोंडावर फडकी. ओली. मानेमागे घट्ट गाठ.

"बरं झालं बांधलंत," ती फडक्याआडून म्हणाली. "पण आधी उठवायचं तरी. केवढी दचकले मी."

"मी?... मी आत्ता येतोय."

तिनं मानेमागची गाठ चाचपली.

मग हळूच... "खाली भावजी..."

खालच्या खोलीला आतून कडी. खिडकीला गज. दार फोडलं.

भाऊ जमिनीवर. श्वास नाही. त्याच्याही गळ्यात फडकं. गाठ तशीच. नाकावरून खाली ओढलेलं.

झोपेत थट्टा वाटली असेल त्याला...

काय म्हणालास? आजीच आली असेल? मला काय विचारतोस, मी बातमीदार आहे, मांत्रिक नाही. मी कागद बघतो. शवविच्छेदनाच्या अहवालासाठी तीन अर्ज केले, तिन्ही फेटाळले. चौथ्याला मिळाला. त्यात एक ओळ आहे. मृताच्या दोन्ही मनगटांवर बोटांचे वळ. मरणाआधीचे. पंजा लहान, बाईचा असावा.

फडकं काढू नये म्हणून कुणीतरी त्याचे हात धरून ठेवले होते. त्यानं ते हिसडून सोडवले.

कुणी, हे विचारणारी माझी सात पत्रं त्या चौकशी अधिकाऱ्याच्या कार्यालयात पोचल्याच्या पावत्या आहेत. उत्तर एकाचंही नाही.