सहाचे सोळा

खरी घटना आहे, एवढं सांगते आणि पुढे जाते. ज्यांना पटायचं नाही त्यांना मी शपथा घेतल्या तरी पटणार नाही. आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर वाचूच नये. हे सगळं भर दुपारी घडलं. पत्र्याच्या शेडमधल्या एका काचेच्या केबिनमध्ये, लख्ख ट्यूबलाइटच्या उजेडात. माझ्या सख्ख्या वहिनीसोबत.

वहिनी डिझायनर. दादा त्याच कारखान्यात प्रेसवर. प्रेस म्हणजे वरून दणका मारून पत्र्याला आकार देणारं मशीन. पत्रा कुठला आणि बोट कुठलं, हे त्याला कळत नाही. म्हणून पुढे लोखंडी गार्ड लावतात. गार्डला एक आडवी फट असते. पत्रा आत जावा, बोट जाऊ नये, एवढीच.

सहा मिलिमीटर.

दादाच्या प्रेसचा गार्ड जुना झाला होता. नव्याचं डिझाइन वहिनीकडे आलं. घरी आम्ही तिला चिडवायचो, की बाकीच्या बायका नवऱ्यासाठी स्वेटर विणतात, आमची वहिनी पत्रा विणते. ती हसायची. पण त्या गार्डवर तिने जीव ओतला होता, हे मी पाहिलंय.

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं. मला सुट्टी असली की मी डबा घेऊन तिच्या केबिनमध्ये जेवायला जायचे.

त्या दुपारीही गेले होते.

तिचं सॉफ्टवेअर क्लाउडवरचं. म्हणजे फाइल तिच्या कॉम्प्युटरमध्ये नाही, इंटरनेटवर. कुठूनही उघडा, दोघा-तिघांनी मिळून एकाच पार्टवर काम करा. फाइलमध्ये कोणी आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक गोल उमटतो, त्यात त्याच्या नावाचं अक्षर. कोणी काय बदललं, तेही हिस्ट्रीत नावासकट राहतं. वहिनी मोठ्या कौतुकाने सांगत होती. तिचा उजवा हात डब्यात होता, डाव्या हातात पाण्याचा पेला.

आणि स्क्रीनवरचा गार्ड… हलला.

हळूच वळला. आमच्यासमोर आला. मग जवळ येऊ लागला. ती फट मोठी होत गेली… आणखी मोठी… शेवटी स्क्रीनवर नुसती फट उरली. पलीकडून कोणी डोळा लावून बघावं तशी.

माउस माझ्या पर्सपलीकडे पडला होता. त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

वहिनीने कोपऱ्याकडे बघितलं. तिथे तिच्या नावाचं अक्षर होतं…

दोनदा.

घरचा लॅपटॉप चालू राहिला असेल, असं ती म्हणाली. पण हात धुऊन आल्यावर तिने फटीचं माप बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. सहाच्या जागी सोळा. हिस्ट्रीत वेळ आमच्या जेवणाची. बदल करणारी… वहिनी.

तिने परत सहा केले. पासवर्ड बदलला. घरी लॅपटॉप पाहिला, तर तो बंदच होता.

दुसऱ्या दिवशी परत सोळा.

ती मालकाकडे गेली. मालक म्हणजे एक नंबरचा कवडीचुंबक. त्याने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. सहाच्या आधी चुकून एकचा आकडा दाबला गेला असेल, त्यात भूत कसलं, असं म्हणून तिला वाटेला लावलं.

खरं काय ते स्टोअरमधल्या मावशींनी सांगितलं. वहिनीच्या आधी तिथे एक म्हातारा डिझायनर होता. अर्ध्या मिलिमीटरसाठीही भांडायचा, म्हणून सगळे त्याला मिलिमीटर म्हणायचे. त्याच्या वेळी दुसऱ्या प्रेसवर एका माणसाचा हात गेला. गार्डची फट चुकली होती, आणि हिस्ट्रीत मिलिमीटरचं नाव होतं. तो प्रत्येकापुढे हात जोडत फिरला, की मी केलेलं नाही. कोणी ऐकलं नाही. नोकरी गेली. घरी बसून झिजला आणि मेला.

सॉफ्टवेअरची सीट, म्हणजे एका माणसापुरता वापरायचा परवाना, भाड्याची. ती वाया जाऊ नये म्हणून मालकाने मिलिमीटरच्याच अकाउंटचं नाव बदललं आणि ते वहिनीला दिलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

वहिनीने केबिनमध्ये येऊन त्या अकाउंटची सगळी हिस्ट्री मागे मागे नेली. अकाउंटचं नाव बदललं की मागचं सगळंच नव्या नावावर येतं. ती नोकरीला लागायच्या आधीचे बदल… तिच्या नावावर. तो हात गेला, त्या आठवड्यातला बदलही…

सहाचे सोळा. तिच्याच नावावर.

तिने नवं अकाउंट मागितलं. मालक म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मग तिने हातात होतं ते केलं. फट सहाची केली, माप कुलूपबंद केलं, आणि त्या क्षणाची एक गोठवलेली प्रत काढली. अशा प्रतीत नंतर बदल करता येत नाही. पत्रा कापणाऱ्या लेझरवाल्याला तिने त्याच प्रतीची लिंक पाठवली. वर फोन करून बजावलं, हीच उघडा. ताकही फुंकून पीत होती बिचारी.

पण मालकाने त्याला आधीच एक लिंक देऊन ठेवली होती. चालू फाइलची. माणूस सवयीचा गुलाम. त्याने तीच उघडली.

गार्ड कापून आला त्या दिवशी वहिनी रजेवर होती. आईच्या डोळ्यांची तपासणी होती. दवाखान्याच्या बाकावर मध्ये आई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. सकाळपासून आम्ही तिघी हललो नव्हतो.

तिकडे दादाने गार्ड बसवला. शेजारचा म्हणाला, फट मोजून घे. दादा हसला, आणि ड्रॉइंगवरच्या नावावर बोट ठेवलं.

"बायकोने काढलाय. मोजायचं काय त्यात?"

उजव्या हाताची दोन बोटं गेली. ड्रॉइंगवर ठेवलं होतं ते त्यातलंच एक.

पुढे काय झालं असेल, तुम्हीच ओळखा. हिस्ट्री उघडली. त्याच सकाळचा, गार्ड कापायच्या जरा आधीचा बदल. सहाचे सोळा. वहिनीचं नाव. मी मालकाच्या तोंडावर सांगितलं, की त्या वेळी ती माझ्या शेजारी दवाखान्यात बसली होती. तो शांतपणे म्हणाला, "क्लाउड आहे, ताई. फोनवरूनही होतं."

फोन तिच्या पर्समध्ये होता. पर्स तिच्या मांडीवर. मी शपथेवर सांगते, तिने ती उघडली नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही तर जगाची रीतच. वहिनीला काढलं.

ते मी एक वेळ सहन केलं असतं. घरात जे झालं, ते सहन होत नव्हतं. दादा तिला एका शब्दाने बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. डाव्या हातात चमचा धरून जेवायचा आणि तिच्याकडे बघायचा नाही. ती रोज म्हणायची, "मी केलेलं नाही." तो म्हणायचा, "झालं ते झालं." विश्वास आहे, असं मात्र एकदाही म्हणाला नाही.

जखम भरल्यावर मालकाने त्याला केबिनमध्ये बसवलं. प्रेस चालवणं आता शक्य नव्हतं. ड्रॉइंग तपासायची, लेझरवाल्याला पाठवायची, असं बसून करायचं काम. त्याला अकाउंट लागणार होतं.

वहिनीची सीट रिकामीच होती.

मालकाने फक्त नाव बदललं.

पहिल्या दिवशी दादा घरी आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने चप्पलही काढली नाही. दारातच उभा राहिला. दुपारी त्याने ती फाइल उघडली होती. बोटं गेली त्या दिवसाची हिस्ट्री बघायला. बदल तोच होता, वेळही तीच. नाव…

त्याचं स्वतःचं.

तो वहिनीकडे बघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"मी केलेलं नाही," तो म्हणाला.

वहिनीने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "माहीत आहे मला," म्हणाली.

दादा तिथेच खाली बसून रडला. मी आत निघून गेले.

ते कोण होतं, मला आजही कळलेलं नाही. कधी वाटतं मिलिमीटरच, सूड घेणारा. कधी वाटतं, ज्याने मिलिमीटरला संपवलं तेच, आणि ते त्याच्याही आधीपासून तिथे बसलंय. दादाने ती नोकरी सोडलेली नाही. तसा हात घेऊन दुसरी कुठे मिळणार? त्याच्या प्रेसवर आता दुसरा माणूस आहे, आणि त्याच्यासाठी नव्या गार्डचं काम निघालंय.

परवा जेवताना वहिनीने त्याला सहज विचारावं तसं विचारलं, की कोपऱ्यात अक्षर एकदाच दिसतं ना…

दादा खाली मान घालून जेवत राहिला.