सहा सेकंदांचा ताशा

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यासोबत घडली तो आजही अमरावतीत, कठोरा नाक्याकडे राहतो. त्याला विचारूनच हे लिहिलंय. त्यानं एकच अट घातली...

की त्याला चांगलं दाखवायचं नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. दुसरा रविवार. दुपारचे अडीच.

वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको, मे महिन्यात अडीच वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती दुपार ऐकलेली नाही.

त्याचं नाव प्रीतम. वय एकोणतीस. एका कोचिंग क्लाससाठी सरांचे व्हिडिओ एडिट करायचं काम करायचा. दिवसभर कानाला हेडफोन. आणि उरलेल्या वेळात एकच वेड, ड्रम अँड बेस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे विलायती संगीत आहे. ड्रम सुसाट पळतात, खाली बेस छातीत घुमतो, शब्द फारसे नसतातच. गंमत म्हणजे त्यातले पुष्कळ ड्रम कोणी नव्यानं वाजवलेले नसतात. जुन्या रेकॉर्डिंगमधला चार-सहा सेकंदांचा तुकडा घ्यायचा, कॉम्प्युटरवर बारीक कापायचा आणि उलटासुलटा जोडायचा. वाजवणारा कधीचा मेलेला असतो. त्याचा हात मात्र चालूच राहतो.

हे वेड प्रीतमनं एकालाच लावलं होतं. नागसेनला.

नागसेन अकोल्याच्या जुन्या शहरातला. दोघं कॉलेजात हॉस्टेलच्या एकाच खोलीत होते. सॉफ्टवेअर कसं चालवायचं, ड्रम कसा कापायचा, सगळं प्रीतमनं शिकवलं. नागसेन त्याला नंतरही लोकांसमोर गुरू म्हणायचा.

तेच प्रीतमला सहन व्हायचं नाही.

प्रीतमचं इंटरनेटवर एक पेज होतं. हे संगीत ऐकणारी बरीच पोरं तिथं यायची. डिसेंबरात त्यानं लिहिलं, "ड्रम अँड बेस संपलं. तेच ड्रम, तोच बेस, तोच वेग. दहा ट्रॅक ऐकले की अकरावा ऐकायची गरज नाही."

लोकांनी माना डोलावल्या. सगळे म्हणाले, खरं आहे भाऊ.

खरं कारण वेगळंच होतं. प्रीतमचा स्वतःचा एकही ट्रॅक कोणी शेवटपर्यंत ऐकत नव्हतं. मला जमत नाही म्हणण्यापेक्षा सगळं संपलं म्हणणं सोपं होतं.

त्या पोस्टखाली नागसेननं एकच ओळ टाकली. "सगळं सारखं नाही झालं बे. आपण सारखंच ऐकून राहिलो."

आणि मार्चमध्ये त्याचा ट्रॅक आला.

त्यात विलायती ड्रम नव्हता. ताशा होता. नागसेनच्या घरासमोर मोतीरामकाका राहायचे, बँड पार्टीत चाळीस वर्षं ताशा वाजवलेले. म्हातारपणी दम्यानं घरी बसलेले. नागसेननं जानेवारीत त्यांच्या दारात माइक लावून त्यांचा हात टिपून घेतला होता. फेब्रुवारीत काका वारले.

ट्रॅक परदेशातल्या रेडिओवर वाजला. कुठल्या कुठल्या देशातले लोक विचारू लागले, हे वाद्य कोणतं?

प्रीतमनं तो चाळीसदा ऐकला. मग मेसेज केला, "भारी झालं भाऊ."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी तो अकोल्याला गेला. सहज आलो म्हणाला. नागसेननं आनंदानं लॅपटॉप उघडला.

"किती वेळ वाजवलं काकानं?" प्रीतमनं विचारलं.

"वेळ कायचा? सहा सेकंद. दम भरला, तं खाली बसले. मने, बस झालं."

"अन् सहा सेकंदांत तू अख्खा ट्रॅक केला?"

"कापत बसलो. दोन महिने."

प्रीतम हसत हसत म्हणाला, "मले दे ना तो तुकडा. मी बी करून पाहातो."

नागसेननं मान खाली घातली.

"नाई बे. काका मने, हे तुह्यापाशी ठेव. कोनाले द्याचं असन तं पयले मले इचारजो."

"काका तं गेले आता."

"मनूनच तं देता येत नाई."

इतक्या वर्षांत नागसेननं पहिल्यांदाच प्रीतमला नाही म्हटलं होतं.

आतून नागसेनच्या आईनं पन्हं घ्यायला हाक मारली. तो उठून गेला. प्रीतमच्या खिशात पेन ड्राइव्ह होता.

सहा सेकंदांची फाईल कॉपी व्हायला किती वेळ लागतो?

रविवारी सकाळी आठला तो कामाला बसला. गच्चीवरची एकटी खोली. दाराशी कूलर. त्याच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, प्रत्येक फेऱ्याला जाळीला लागायचं. खट्... खट्... खट्... त्याची त्याला सवय झाली होती.

ताशा कापला. जोडला. खाली बेस घातला. आणि ट्रॅक जिवंत झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं काम आवडलं. बारा वाजता जेवून पुन्हा वर आला. खाली आई-बाबा झोपले.

अडीच वाजता त्यानं मूळ तुकडा पुन्हा उघडला.

नऊ सेकंद.

आपणच काहीतरी चुकीचं सेव्ह केलं असेल असं त्याला वाटलं. त्यानं ऐकलं. सहा सेकंद ताशा... मग तीन सेकंद शांतता.

पण ती कोरी शांतता नव्हती. एखाद्या खोलीची असते तशी होती. त्या खोलीत कोणीतरी श्वास घेत होतं. छातीत बारीक शिट्टी वाजणारा श्वास.

त्यानं पेन ड्राइव्ह लावला. त्यातली फाईल तर कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यावर त्यानं एकदाही उघडली नव्हती.

चौदा सेकंद.

त्यानं तीही ऐकली. ताशा. श्वास. खाट करकरली, कोणीतरी उठल्यासारखी. आणि मग...

खट्... खट्... खट्...

हा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता.

नागसेननं रेकॉर्डिंग जानेवारीत केलं होतं.

जानेवारीत कूलर कोण लावतं?

तो उठला. कूलर बंद केला. पातं हळू होत होत थांबलं. खोलीत एकदम उकाडा दाटला. पुन्हा खुर्चीत बसला, हेडफोन चढवले.

एकतीस सेकंद.

ताशा. श्वास. कूलरची खटखट... मग बटणाचा आवाज. खटखट हळू झाली. थांबली. चार पावलं. खुर्ची कुरकुरली.

हे सगळं त्यानं आत्ता केलं होतं.

आणि फाईल अजून संपली नव्हती.

फोन वाजला. त्याच्या फोनची रिंग, हेडफोनमध्ये. त्यानं झटकन हेडफोन काढले. टेबलावर फोन मुकाट पडला होता. स्क्रीन काळी.

पुन्हा चढवले. रिंग थांबली. आणि त्याचाच आवाज आला...

"नाई बे. म्या कायले घेऊ?"

फाईल संपली.

प्रीतम म्हणतो, त्या क्षणी तो पळून गेला नाही. त्यानं उलट विचार केला. फोन नागसेनचाच येणार. आपण खरं सांगून टाकू. मग यातलं काहीच खरं ठरणार नाही. त्यानं वाक्यही जुळवून ठेवलं. हो, घेतलं, चुकलो. तीन-चारदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं.

तीनला दहा कमी असताना फोन वाजला.

"प्रीतम," नागसेनचा आवाज अवघडलेला होता. "राग नको मानू. काल माह्या लॅपटॉपले पेन ड्राइव्ह लावला होता का तू? काकाचा तासा घेतला का?"

प्रीतमनं तोंड उघडलं. समोर स्क्रीनवर ट्रॅक होता. सकाळपासून केलेला. त्याचा पहिला चांगला ट्रॅक. खरं सांगितलं तर तो पुसावा लागणार होता... आणि नागसेनचा तेवढा राहणार होता.

"नाई बे," तो म्हणाला. "म्या कायले घेऊ?"

तेच शब्द. तोच सूर.

नागसेननं फोन ठेवला.

खोलीत काहीच हलत नव्हतं. हेडफोन टेबलावर उलटे पडले होते. प्रीतमनं कुठलंही बटण दाबलं नव्हतं. तरी त्यातून आवाज आला, अगदी हळू. माइकच्या जवळ तोंड आणून एखाद्या म्हाताऱ्या माणसानं म्हणावं तसा.

"हं..."

बस. एवढंच. घरातल्या वडीलधाऱ्यानं ऐकून घेतलं आणि लक्षात ठेवलं, की तो जसा म्हणतो तसा.

प्रीतम जिन्यावरून कसा उतरला त्याला आठवत नाही. खाली जाऊन आईशेजारी फरशीवर आडवा झाला. आईनं अर्धवट डोळे उघडले.

"काऊन रे? कूलर बिघडला का?"

"हो," तो म्हणाला.

सोमवारी त्यानं सुट्टी टाकली आणि पहिल्या गाडीनं अकोला गाठलं. पेन ड्राइव्ह नागसेनच्या हातात ठेवला. सगळं सांगितलं.

नागसेननं त्याच्यासमोरच फाईल उघडली.

सहा सेकंद. ना एक कमी, ना एक जास्त. ताशा, आणि संपलं.

"घेतलं तं घेतलं," नागसेन म्हणाला. "पन मी इचारलं तवा नाई काऊन मनला?"

बाकीचं ऐकून नागसेन हसेल, उन्हानं डोकं फिरलं म्हणेल, असं प्रीतमला वाटलं होतं.

नागसेन हसला नाही.

उठून त्यानं खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं. मोतीरामकाकांची बायको मैनाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. "तिले काई सांगू नको," एवढंच तो म्हणाला.

प्रीतमनं आपला ट्रॅक पुसला. गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण जूनमध्ये नागसेनचा दुसरा ट्रॅक आला. ऑगस्टमध्ये तिसरा. सप्टेंबरात आणखी दोन. सगळ्यांत मोतीरामकाकांचा ताशा, आणि एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. एकात वरात चौकात वळताना चढतो तसा हात. एकात काडी चामड्यावर नुसती घासलेली. एकात इतके थोडे ठोके, की ऐकणारा पुढच्या ठोक्यासाठी श्वास धरून बसतो. प्रीतमच्या पेजवर पोरं विचारू लागली, "भाऊ, तुम्ही तर म्हणाले होते सगळं सारखंच झालं?"

तो ते ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकत बसला.

त्याला ते सहा सेकंद तोंडपाठ होते. प्रत्येक ठोका माहीत होता. कापा, उलटा करा, ताणा, काहीही करा... तिसऱ्या ट्रॅकमधला तो हात त्या सहा सेकंदांत नव्हताच.

खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती.

त्याचा जळफळाट झाला.

रात्रंदिवस एकच विचार. म्हाताऱ्यानं मला काय दिलं? धाप, खाटेची करकर आणि माझंच खोटं. आणि त्याला ताशा?

दिवाळीच्या आठ दिवस आधी तो पुन्हा अकोल्याला गेला. भर दुपारी. बसला आणि सरळ म्हणाला, "मले ऐकव."

"काय?"

"तुले मालूम हाय काय."

नागसेननं लॅपटॉप ओढला, वायरचा इअरफोन लावला. एक बाजू स्वतःच्या कानात घातली, दुसरी प्रीतमला दिली. हॉस्टेलमध्ये दोघं असंच ऐकायचे.

फाईल सहा सेकंदांची होती. प्रीतमनं स्क्रीनवर स्वतः पाहिलं.

ताशा वाजला. सहा सेकंद झाले. स्क्रीनवरची सरकती रेघ शेवटाला जाऊन थांबली.

त्याच्या कानात शांतता... आणि मग तो श्वास. छातीत शिट्टी वाजणारा. घाई नसलेला.

त्यानं नागसेनकडे पाहिलं.

नागसेनचे डोळे मिटलेले होते. त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती. आधी हळू. मग जोरात. मग मध्येच थांबून, आडवळण घेऊन, भलत्याच चालीत. प्रीतमनं तो हात कधी ऐकला नव्हता. कुठल्याच ट्रॅकमध्ये नव्हता. नागसेन मध्येच चुकला, थांबला, मान हलवली आणि तीच जागा पुन्हा धरली... कोणीतरी परत दाखवल्यासारखी.

"हो," तो पुटपुटला. प्रीतमला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं झाली. रेघ शेवटालाच थांबलेली होती.

रेकॉर्डिंग एकाच माइकवरचं. दोन्ही कानांत एकच यायला हवं. प्रीतमला यातलं एवढं तरी नक्की कळतं. पण त्याच्या कानात फक्त श्वास होता. तो राग धरल्यासारखाही वाटत नव्हता. नुसता थांबलेला, कोणी उठून जायची वाट पाहत असल्यासारखा.

हात लांब करून नागसेनच्या कानातली बाजू काढून घ्यावी आणि आपल्या कानात घालावी, एवढंच त्याला वाटत होतं. वीतभर अंतर होतं.

त्यानं काढून घेतली नाही. आपल्या कानातली बाजू हळूच टेबलावर ठेवली आणि स्टेशनकडे चालत सुटला.

घाबरला होता का, असं विचारलं तर तो नाही म्हणतो. मग काढून का घेतली नाही?

तो एवढंच म्हणतो...

"त्या कानात बी मले श्वासच आयकू आला असता तं?"