बाहुली थांबायला शिकली

त्या बाहुलीशी माझी पहिली भेट म्हणजे सरळ भांडण!

हॉस्पिटलच्या नाव नोंदवायच्या खिडकीवर टीव्हीसारखा नवा पडदा बसवला होता. आतली बाई बोलली, की पडद्यावरची बाहुली तेच आमच्या हातांच्या भाषेत सांगणार. मला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणजे हा थाट माझ्यासारखीसाठीच. पण पर्समधलं कार्ड शोधायला मी मान खाली घातली, वर बघते तर... बाहुलीबाई सगळं सांगून मोकळ्या! माझा नंबर हुकला.

मी पडद्यावर टकटक केली. मागून एक उंच, गोंधळलेला माणूस धावत आला. बाहुली त्यानेच बनवली होती. अडखळत्या हातांनी म्हणाला, "चुकलं... कुठे?"

"समोरचा बघतोय का, हे पाहून बोलावं. एवढी साधी रीत नाही शिकवलीत तिला?"

"मलाच माहीत नव्हती. तुम्ही शिकवाल?"

"बाहुलीला, की तुम्हाला?"

तो हसला. गालाला खळी पडते, हे तेव्हाच दिसलं मेलं!

मग रोज दुपारी आम्ही तिघं... मी, तो आणि बाहुली.

"तुमची बोटं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले मोजे," मी चिडवायची.

"मग धरून सरळ करा ना," तो साळसूदपणे म्हणायचा. मी धरायची. सोडायला जरा उशीरच व्हायचा. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, कळलंच नाही.

बाहुली टिकायला मात्र हवीच होती. आजवर डॉक्टर दहा मिनिटं बोलायचे आणि सोबतचा दादा मला दोन शब्दांत उरकायचा. जीव लावतो हो दादा, पण दुखणं माझं आणि आधी कळायचं त्याला! आता तर माझं मनगटच दुखून आखडलं होतं, आणि आमचं मनगट म्हणजे आमचा गळाच. शनिवारी हॉस्पिटलची समिती बाहुलीची परीक्षा घेऊन ठरवणार होती, ठेवायची की काढायची. काढली तर तोही जाणार. माझी झोप उडाली.

शनिवारी दादाला बाहेर बसवून मी एकटी डॉक्टरांसमोर बसले. टेबलावर बाहुलीचा पडदा, बाजूला समिती बघत होती. डॉक्टर बोलू लागले आणि माझी नजर एक्स-रेवर गेली. बाहुलीचे हात तिथेच थांबले! मी सावकाश वर पाहिलं, तशी ती पुढचं सांगू लागली, "ऑपरेशन नको. महिनाभर पट्टा. हात पूर्ण बरा होईल."

मी फोनवर टाइप करून दाखवलं, "नंतर भांडता येईल ना?"

डॉक्टर हसले. बाहुली म्हणाली, "अगदी कडाकडा!"

बाहेर येऊन मीच दादाला सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले.

काचेपलीकडे समिती उठली. त्यांच्यासोबत आत असलेला तो माझ्याकडे वळला, हात उंचावले, "पास!" मी उडीच मारली. मग इकडेतिकडे बघत, हात छातीशी घेऊन, अगदी बारीक खुणांनी म्हणाला, "तू... मला फार आवडतेस."

वेडाच! त्याला वाटलं, कुजबुजलो की झालं. काचेतून कुजबुज लपते होय? माझ्यामागच्या बाकांवर निकाल बघायला आलेली, हातांनी बोलणारी आमची अख्खी मंडळी बसलेली! सगळ्यांचे हात वर, हवेत थरथरताहेत. आमच्या टाळ्या त्या. तो कानापर्यंत लाल.

दादाने कोपराने ढोसलं आणि हातांनीच म्हणाला, "अगं, उत्तर दे की! ताटकळलाय बिचारा."

हाताला आराम द्यायला सांगितला होता. आराम गेला उडत! मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि अख्ख्या हॉलला दिसेल असं, कडाकडा सांगितलं, "मलाही तू आवडतोस!"