तांबडी नखं

तो पंखा बंद करा रे, घरघर ऐकवत नाही मला. थायलंडातल्या उदोनच्या पुढं आमचं गाव, आणि हा बुनमा आमचा शेजारी. दारूच्या भरात त्यानंच मला सांगितलं.

मे महिन्यातली अमावास्या. तिन्हीसांजेला तो दुकानात तांबडं नेलपॉलिश घ्यायला गेला.

"बायकोला का, दादा?" दुकानदारीण हसली. "तिनं तर डोकंसुद्धा भादरलंय!"

"गप बस गं."

त्याचे दोन्ही भाऊ झोपेतच गेले होते. चांगले धट्टेकट्टे, रात्री भात जेवून निजलेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आजार आहे, घराण्यात चालत येतो, तूही तपासून घे. गाव म्हणालं, विधवेचं भूत पुरुष नेतंय. बुनमानं गावाचं ऐकलं. भुताला बाई वाटावी म्हणून घरोघरी बाप्ये नखं रंगवून, बायकांचे कपडे घालून निजत होते.

त्याची बायको लमाय मेलेल्या आईला पुण्य लाभावं म्हणून डोकं भादरून मठात राहून कालच परतलेली. डोकं गुळगुळीत.

"तू दाराकडं नीज," तो म्हणाला. "आणि हा माझा शर्ट घाल."

"का?"

"घाल म्हटलं ना!"

तिला कळलं. "भित्रट कुठला! स्वतः माझं लुगडं नेसतोस आणि मला बाप्या करतोस?"

पण घातला तिनं. "घे, झोप एकदाचा."

त्यानं नखांवर जाड थर चोपडले आणि आडवा झाला.

मध्यरात्र उलटली. दार वाजलं नाही. पण आत कुणीतरी होतं...

त्याचा हात उचलला गेला. गार बोटं. एकेक नख चाचपलं. रंग अजून चिकट होता.

हात खाली ठेवला.

मग... दाराकडं काहीतरी सरकलं.

लमायच्या घशातून घरघर आली. भावांची होती, तीच. अशा वेळी पायाचा अंगठा ओढून जागं करायचं, आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिचा पाय त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. हाक तरी मारायची! पण आवाज बाप्याचा. ओळखलं तर?

नालायकानं डोळे मिटून घेतले.

घरघर थांबली...

सकाळी डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. बुनमा म्हणाला, मला गाढ झोप लागली होती. अंत्यविधीला रंगलेली नखं नकोत म्हणून लमायची बहीण रडत रडत त्याची नखं पुसायला बसली आणि थबकली.

लमायच्या डोक्यावर केस नव्हते. बुनमाचे फौजीसारखे बारीक कापलेले. घरात तिसरं माणूस नाही.

त्याच्या अंगठ्याच्या सुकलेल्या रंगात एक केस रुतला होता. हातभर लांब.