कुलपातलं औषध

सोमवारी सकाळी भिलाईतल्या त्या कॅन्सर इस्पितळात औषधाच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि फार्मासिस्ट नरेशने दारातूनच आरडाओरडा केला. आतला फ्रिज बंद पडला होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर ज्या नव्या औषधाची चाचणी खेड्यापाड्यांतल्या बायकांवर चालली होती, त्याच्या सगळ्या कुप्या कोमट होऊन वाया गेल्या होत्या.

सबइन्स्पेक्टर करिष्मा मेश्राम आली ती पेटलेलीच. आज तिच्या आईच्या सुईची पाळी होती. नवा साठा यायला महिना लागणार, आणि आईच्या गाठीला तेवढी सवड नव्हती. घरचं प्रकरण आहे, दुसऱ्याला तपास दे, असं ठाणेदार म्हणाले होते. तिने ऐकलं नाही. ज्याने हे केलं त्याला तिला स्वतःच्या हाताने फरफटत न्यायचं होतं.

फ्रिजचा प्लग जागेवर होता, बटण चालू होतं. धोक्याची घंटा त्याच लाइनवर, म्हणून तीही मुकी राहिली. व्हरांड्यातला जुना बोर्ड उघडला तर फ्रिजच्या फ्यूजची जागा रिकामी. फ्यूज कुणीतरी उचलून नेला होता.

"किल्ली कोणाजवळ असते?"

"माह्याजवळच, मॅडम. पर इतवारी मी आलोच नाई!"

"मंग एवढा घाम कावून?"

"सगळे माह्याकडंच पाहून राहिले ना!"

चाचणी चालवणाऱ्या डॉ. समीरनी तर त्याला चोर ठरवूनही टाकलं होतं. पण व्हरांड्यातला फ्यूज काढायला किल्ली कशाला लागते?

रविवारी व्हरांड्यात दोघे जण दिसले होते. एक वॉर्डबॉय बळीराम, ज्याला डॉक्टरांनी परवाच सगळ्यांदेखत झापलं होतं. दुसरे चरोद्याचे देवराव, स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. त्यांची बायको भागीरथा याच चाचणीत असताना वारली, तरी ते रोज पेशंटांना डबे आणत. सगळे त्यांना देवमाणूस म्हणत.

करिष्माने नरेशसकट तिघांना पाळीपाळीने व्हरांड्यात बोलावून एकच काम सांगितलं. "हा पंखा घरघर करून राहिला. जरा खोलून पाहा."

नरेशने बटण बंद केलं. बळीरामनेही तेच केलं. देवरावांनी बोर्ड उघडला, फ्यूज काढला आणि सहज खिशात टाकला.

करिष्माने त्यांचं मनगट धरलं.

"काका, माहे बाबा जानरावबी तुमच्यासारखे प्लांटातच करंटच्या कामावर होते. आपण लाइनीवर असतानी कोणी करंट चालू करू नये, म्हनून फ्यूज खिशात. घरी बल्ब बदलतानीबी तेच! दुसरा कोणी असता तं फ्यूज सैल करून तिथंच सोडला असता, आपोआप गेला असं वाटलं असतं. तुमच्या हाताले मात्र सवय सुटली नाई. माह्या आईले डबा चारला आन् तिचंच औषध नासवलं?"

देवरावांनी मनगट सोडवून घेतलं.

"हो, मीच केलं. मशीनीवरची किरणांची सिकाई सगळ्याइले, पर सुई कोणाले खरी आन् कोणाले खाऱ्या पाण्याची. कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्या. माह्या भागीरथाले पाणी देलं, म्हनून ते मेली. मंग बाकीच्याइनं कावून जगावं? माह्या मनात आग होती, ते इतवारी थंडी झाली."

डॉक्टरांनी करिष्माला बाजूला नेलं. "भागीरथाबाई गेल्यावर आम्ही त्यांचा कोड उघडला होता, खरं औषध की पाणी ते त्यात लिहिलेलं असतं. त्यांना खरं औषधच मिळत होतं. फार उशिरा आल्या होत्या, एवढंच. चाचणी संपेपर्यंत घरच्यांना सांगता येत नाही. तुम्हीही सांगू नका, म्हातारा खचेल."

करिष्माने बाकाकडे पाहिलं. आई पदर सावरून आपलं नाव पुकारायची वाट बघत होती.

ती देवरावांपाशी परत आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"भागीरथाकाकूले पाणी नव्हतं, काका. खरी सुई होती. डॉक्टरनं आत्ताच सांगतलं. तुमी जे काल नासवलं, तेच औषध देऊन राहिले होते तिले."

देवराव भिंतीला धरून खाली बसले आणि तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडू लागले. करिष्मा उभी राहून बघत होती. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

मग ती आईला सांगायला गेली, की आज सुई नाही.